नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याची चाळीस वर्षे : वर्धापनदिन कोठे आणि कसा साजरा करावा?

गोदाकाठ

सर्वांना नमस्कार. नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या घोषणेला यंदा चाळीस वर्षे होत आहेत. १९८६ मध्ये निफाड तालुक्यातील हा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत समाविष्ट होऊन महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र ठरला. लोणार आणि ठाण्याची खाडी यांची नावे त्यानंतर लागली. या निमित्ताने काही करावे असे नाशिकच्या पक्षिमित्रांमध्ये बोलणे चालू आहे. शहरात एखादे सभागृह घेऊन छायाचित्रांचे प्रदर्शन भरवावे, व्याख्यान ठेवावे, अशा सूचना आल्या आहेत आणि त्या चांगल्याच आहेत. तरीही माझे आग्रहाचे मत असे, की हा दिवस बंधाऱ्याच्या काठी, तिथल्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन साजरा व्हावा आणि त्या दिवशी बोलण्याचा विषय एकच असावा : या पाणथळीच्या वाट्याला येणारे पाणी. कारण जरा विस्ताराने मांडतो.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी अमदानीत जो बंधारा घातला गेला, तो खालच्या अवर्षणग्रस्त मुलखाला कालव्यांनी पाणी देण्यासाठी. त्याच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांवर कोपरगाव, राहाता या भागांतली बागायत उभी राहिली; पुढे जलद कालव्याने वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांनाही इथूनच पाणी जाऊ लागले. पक्षी तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते. दरवर्षीच्या पुराबरोबर आलेला गाळ बंधाऱ्याच्या फुगवट्यात साचत गेला, पाणी उथळ झाले, उथळ पाण्यात पाणकणीस आणि इतर पाणवनस्पती माजल्या, मधूनमधून बेटे वर आली, त्यांवर बाभळी उभ्या राहिल्या, आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या एरवी कोरड्या पट्ट्यात बदके, बगळे, बलाक आणि शराटी यांना हवे ते सगळे एका ठिकाणी मिळाले. डॉ. सालिम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले, असे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. रामसर क्षेत्र म्हणून १,४३७ हेक्टर एवढा भाग नोंदला गेला असून तिथे वनस्पती आणि प्राणी मिळून ५३६ जातींची नोंद आहे.

चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बीण लावली की हिवाळ्यात पहिल्यांदा वारकरी या पाणपक्ष्यांचे काळे थवेच डोळ्यांत भरतात. आकाशात दलदली हारीण हा शिकारी पक्षी दिसला की विखुरलेले वारकरी क्षणात एकमेकांना खेटतात आणि पाण्यावर जणू एक काळी चटई आवळली जाते. शिकारी पुढे सरकला की ती पुन्हा सैल होते. त्याच काठाला जांभळी पाणकोंबडी पाणकणसाचा कोवळा देठ उपटते, लांब बोटांच्या पंजात पकडून चोचीपर्यंत नेते आणि आतला पांढरा गाभा तेवढा खाऊन साल टाकून देते. हे दृश्य घोटाभर ते गुडघाभर पाण्याचे आहे. पाणी कमरेच्या वर गेले की काठावर चालत चरणाऱ्या बहुतेक पक्ष्यांना तिथे जागा उरत नाही, आणि ते पार ओसरले की चिखलाला भेगा पडून बेटांवर कुत्री आणि गुरे चालत पोहोचतात. म्हणजे अभयारण्याचे सगळे भवितव्य दोन-तीन फूट पाण्याच्या फरकावर अवलंबून आहे.

हा फरक अभयारण्य ठरवत नाही. रोजच्या धरणसाठ्याच्या तक्त्यात गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट आणि नांदूर मध्यमेश्वरची २५७ दशलक्ष घनफूट अशी दिलेली असते. इतके छोटे भांडे वरच्या विसर्गाने काही तासांत भरते आणि कालव्याचे आवर्तन, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरते सोडायचे पाणी, सुटले की तितक्याच लवकर उतरते. चाळीस वर्षांत आपण पक्षिगणना केल्या, मनोरे पाहिले, महोत्सव पाहिले. आवर्तनाचे वेळापत्रक ठरताना मात्र या जागेच्या बाजूने कोणी दोन शब्द बोलले आहे का, हा प्रश्न मला अनेक वर्षे अस्वस्थ करतो. वर्धापनदिनाला हाच प्रश्न घेऊन गावकऱ्यांसमोर जावे, असे मला वाटते. आपली मते कृपया मांडावीत.

शेकाट्या

गोदाकाठ, प्रस्ताव मनापासून पटला. पाण्याच्या पातळीबद्दल थोडी भर घालतो, कारण आपल्यापैकी बरेच जण डिसेंबर-जानेवारीतच तिकडे जातात आणि परदेशी पाहुणे परतले की हंगाम संपला असे धरून चालतात.

थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रवाक, हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब हे सगळे फेब्रुवारी-मार्चपर्यंत निघून जातात. त्यानंतर उघड्या पडलेल्या वाळूच्या आणि गाळाच्या पट्ट्यांवर नदीसुरय अंडी घालतो. शेकाट्याही उन्हाळ्यात पाण्यालगतच्या ओल्या मातीवर घरटे करतो. घरटे म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा, त्यात मातीच्याच रंगाची ठिपकेदार अंडी. एप्रिल-मे महिन्यांत वरच्या धरणांतून आवर्तनासाठी पाणी सोडले आणि पातळी एकदम फूट-दीड फूट वाढली, तर ही अंडी पाण्याखाली जातात. तेच पाणी चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवले, तर निदान उंचावरच्या खळग्यांना वाचण्याची शक्यता राहते. पाण्याचे प्रमाण तेवढेच, फरक फक्त सोडण्याच्या वेगाचा.

कमळपक्ष्याची गोष्ट उलटी आहे. तो पावसाळ्यात तरंगत्या पानांवर अंडी घालतो आणि नर ती उबवतो. पाणी सावकाश वाढले तर पानांबरोबर घरटेही वर येते. झटक्याने वाढले किंवा प्रवाह जोराचा झाला, तर सगळा गालिचाच वाहून जातो. पुराच्या पाण्याला कोणी थोपवू शकत नाही, हे मान्य आहे. आपण बोलू शकतो ते उन्हाळी आवर्तनाबद्दल.

खानगावकर

मी खानगाव थडीच्या बाजूचा शेतकरी आहे. अभयारण्य जाहीर झाले तेव्हा मी शाळेत होतो. गोदाकाठ साहेबांनी गावाला बरोबर घेण्याची गोष्ट काढली याचा आनंद आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

आमच्याकडे पाहुण्यांनी येऊन पक्षी पाहावेत, यात कोणाची हरकत नाही. गावातली काही मुले पक्षी दाखवण्याचे काम शिकली आणि हिवाळ्यात त्यांना त्यातून चार पैसे मिळतात. ती मुले दूरवरच्या ठिपक्याकडे पाहून मुग्धबलाक की चित्रबलाक हे सांगतात, तेव्हा आम्हालाही अभिमान वाटतो. परंतु नदीकाठच्या उसात बिबट्या राहतो आणि रात्रीची वीज असेल तेव्हा पाणी भरायला आम्हालाच जावे लागते. हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या कोवळ्या रोपांवर पक्षी उतरतात, तेही आमच्याच. नुकसानभरपाईचा अर्ज भरला की त्यासाठी किती हेलपाटे घालावे लागतात, हे इथे लिहीत बसत नाही.

माझे म्हणणे एवढेच, की वर्धापनदिनाला आम्हाला सतरंजीवर बसवून भाषणे ऐकवायची असतील तर लोक येणार नाहीत. आम्हाला बोलू द्या. पाण्याच्या पातळीबद्दल गावाला जेवढे ठाऊक आहे तेवढे बाहेरच्या कोणाला नसेल, कारण आमच्या उपसा योजनांचे पाइप त्याच पाण्यात आहेत. पातळी एकदम उतरली की पक्ष्यांची अडचण होते आणि आमचे पंपही उघडे पडतात. या एका मुद्द्यावर गाव आणि अभयारण्य एकाच बाजूला आहेत, असे मला वाटते.

गोदाकाठ

खानगावकर दादा, आपला शेवटचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो फार मोलाचा आहे. पंप उघडे पडतात ही गोष्ट लाभक्षेत्रातील कोणत्याही अधिकाऱ्याला लगेच समजेल. बोलण्याची सुरुवात गावकऱ्यांनीच करावी, हे मला पूर्ण मान्य आहे.

सायखेडेकर

मी या चर्चेत थोडी वेगळी बाजू मांडणार आहे, आणि ती कोणाला कटू वाटली तर क्षमस्व.

२०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा आणि चांदोरीत शिरले, तेव्हा मी तिथे होते. दुकानांतला माल, घरांतले धान्य, जनावरांचा चारा, सगळे चिखलात गेले. ओसरल्यानंतर घरातून जो गाळ आम्ही फावड्यांनी काढला, तोच गाळ नांदूर मध्यमेश्वरच्या फुगवट्यात साचलेला आहे, आणि बंधाऱ्यामागे तो साचल्यामुळे पुराचे पाणी मागे तुंबते, अशी आमच्या सर्व गावांची धारणा आहे. गाळ काढावा, बंधाऱ्याला पुरेसे दरवाजे असावेत, ही मागणी आम्ही वर्षानुवर्षे करत आहोत. अभयारण्याचा वर्धापनदिन साजरा करताना गाळाने निर्माण केलेल्या बेटांचे कौतुक होणार असेल, तर आम्ही त्यात कोणत्या मनाने सहभागी व्हायचे? मला पक्ष्यांचे वावडे नाही. लहानपणी वडिलांबरोबर मध्यमेश्वराच्या दर्शनाला जाताना मी रोहित पक्ष्यांचा थवा पाहिला आहे. पण चांदोरीच्या एखाद्या घरात पाण्याची खूण भिंतीवर किती उंच आहे, ती आपण सर्वांनी एकदा येऊन पाहावी.

पाटकरी

सायखेडेकर ताई, मी पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे आणि गोदावरीच्या कालव्यांवर बरीच वर्षे काढली आहेत. आपल्या प्रश्नाला टाळून हा कार्यक्रम होऊ नये, असे मलाही वाटते. दोन्ही बाजू ज्यांना जवळून दिसल्या त्यांच्यापैकी मी एक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बंधारा आणि धरण यांत मूलभूत भेद आहे. बंधारा पाण्याची पातळी उचलून कालव्याच्या तोंडापर्यंत नेतो. मोठा साठा करणे हे त्याचे काम नसते. संगमाजवळ नदीचा उतार मंद आहे, प्रवाह बंधाऱ्यापाशी आल्यावर आणखी संथ होतो आणि वरून आलेली माती तिथे खाली बसते. घाटमाथ्यालगतच्या पाणलोटातून, उघड्या डोंगरउतारांवरून आणि नांगरलेल्या शेतांतून जेवढी माती सुटते तेवढा गाळ येत राहणार. म्हणून एकदा गाळ काढला आणि प्रश्न मिटला, असे होत नाही. मातीचे संवर्धन वर झाले नाही, तर काही पावसाळ्यांत तो पुन्हा भरतो.

आता पुराबद्दल. महापुरात नदी लाखांच्या घरात क्युसेक पाणी आणते. अशा वेळी बंधाऱ्यामागचा छोटा साठा मोकळा असला काय आणि भरलेला असला काय, साठवणुकीच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो पाणी किती सहज पुढे निघून जाते यावर, म्हणजेच मुख्य पात्राची खोली, दरवाज्यांची क्षमता आणि पात्रात वाढलेली झाडेझुडपे यांवर. त्यामुळे माझे प्रांजळ मत असे आहे : मुख्य प्रवाहाच्या पट्ट्यातला, विशेषतः बंधाऱ्याच्या लगतचा गाळ काढण्याची मागणी न्याय्य आहे आणि ती अभयारण्याच्या विरोधात नाही. काठांकडचे उथळ भाग आणि बेटे यांना हात लावू नये. तिथला गाळ काढून पुराची उंची कमी होईल ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही, आणि पक्ष्यांचे घर मात्र निश्चित जाईल. यंत्रे कोठून कोठपर्यंत चालतील याची आखणी नकाशावर आधी झाली, ती गावाने आणि पक्षी जाणणाऱ्यांनी एकत्र पाहिली, तर भांडणाला कारण राहणार नाही.

आणखी एक. आवर्तने कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात. रब्बीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर या बैठका होतात. तिथे लाभक्षेत्रातले लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि पाणी वापरणारे आपापली मागणी मांडतात. पिण्याचे पाणी, शेती, उद्योग यांची चर्चा होते. माझ्या नोकरीच्या काळात मी बसलेल्या बैठकांत अभयारण्याचा उल्लेख कोणी केल्याचे मला आठवत नाही. गोदाकाठ यांच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हे आहे.

सायखेडेकर

पाटकरी काका, आपण गाळाचा प्रश्न झटकून टाकला नाहीत, याबद्दल आभार. मुख्य पात्र आणि उथळ काठ असा भेद जर कार्यक्रमात स्पष्टपणे मांडला जाणार असेल, तर चांदोरी-सायखेड्याहून आम्ही येऊ. नकाशा मोठा लावा, लोकांना जवळ जाऊन बोट ठेवता आले पाहिजे.

विद्या_इंदिरानगर

पाणी किती, याबरोबर पाणी कसे आहे याकडेही लक्ष वेधते. रामसरच्या नोंदीत या क्षेत्राला असलेल्या धोक्यांमध्ये जलपर्णी, वाढते नागरीकरण आणि पाण्याचा उपसा यांचा उल्लेख आहे. आपण नाशिककर वापरून सोडलेले पाणी नदीतून इथे पोहोचते. शहरात तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक येथे मलजल शुद्धीकरण केंद्रे आहेत; तरीही सोमेश्वरच्या खाली नदीत फेस आणि दुर्गंधी दिसते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे जलपर्णीचे खत आहे. हिरवा थर पसरला की खालच्या पाण्यात उजेड जात नाही, कुजणाऱ्या पानांनी प्राणवायू घटतो, आणि मासे व किडे कमी झाले की त्यांवर जगणारे पक्षीही जातात. जलपर्णी यंत्राने काढणे हा दरवर्षीचा खर्च आहे. ती वाढते ते खत नदीत येणे थांबले पाहिजे.

रामसरच्या नोंदीत पक्ष्यांच्या पलीकडची एक गोष्ट आहे. नामशेष होण्याच्या मार्गावर असलेल्या जातींमध्ये दोन गिधाडांबरोबर एका छोट्या माशाचे नाव आहे, आणि त्याच्या इंग्रजी नावात आपले देवळाली आहे. नाशिकच्या किती लोकांना हे ठाऊक असेल? प्रदर्शन भरवायचेच असेल, तर रोहित आणि पट्टकादंब यांच्या शेजारी या माशाचे चित्र असावे असे मला फार वाटते. सिंहस्थाच्या तयारीत नदी स्वच्छतेवर एवढी चर्चा चालू आहे, तिच्यात रामकुंडाच्या खालचे चाळीस किलोमीटरही धरले जावेत.

शेकाट्या

विद्याताई, माशाची कल्पना उत्तम आहे. पाणबुड्या, खंड्या, कैकर, पाणकावळे हे सगळे मासेखाऊ आहेत, तेव्हा ते चित्र पक्ष्यांच्या मधोमध लावू.

निफाडची_शाळा

मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आमचे विद्यार्थी आणावेत का? सहलीला म्हणून आलेली मुले गोंगाट करतात आणि पक्षी उडून जातात, अशी तक्रार ऐकू येते, म्हणून आधीच विचारते. मुलांना काही काम देता आले तर बरे होईल.

गोदाकाठ

बाई, मुलांना अवश्य आणा, लहान तुकड्यांत. काम आहे, आणि ते एका दिवसापुरते नाही. बंधाऱ्यालगतच्या एखाद्या ठरलेल्या जागी खुणांची पट्टी लावण्याची रीतसर परवानगी वन विभागाकडे आणि पाटबंधारे विभागाकडे मागू, आणि काठच्या गावांतील मुलांनी दर आठवड्याला पातळी लिहून ठेवावी. त्या शेजारी शेकाट्या सांगतील त्या चार-पाच पक्ष्यांची संख्या लिहावी. उन्हाळी आवर्तनापूर्वी, आवर्तन चालू असताना आणि नंतर काय घडते, याची नोंद गावाच्या वहीत असेल तर समितीसमोर तोंडी बोलण्यापेक्षा तिचे वजन जास्त पडेल.

आतापर्यंतच्या चर्चेवरून कार्यक्रमाचे स्वरूप असे दिसते. स्थळ चापडगावच्या बाजूला, सकाळी, ध्वनिक्षेपक नको. सुरुवात खानगावकर दादा आणि सायखेडेकर ताई यांच्या बोलण्याने होईल. नंतर पाटकरी काका मोठ्या नकाशावर मुख्य पात्र, उथळ भाग आणि बेटे समजावून सांगतील. सत्कार, हारतुरे काही ठेवू नयेत. शेवटी कालवा सल्लागार समितीला द्यायचे निवेदन सर्वांसमोर वाचून त्यावर सह्या घ्याव्यात.

खानगावकर

सह्या ग्रामपंचायतींच्या ठरावासह असाव्यात. मी आमच्या सरपंचांशी बोलतो. मांजरगाव आणि कोठुऱ्यातही ओळखी आहेत.

पाटकरी

निवेदन एका पानाचे असावे आणि मागण्या तीनच असाव्यात, कारण बैठकीत यापेक्षा जास्त कोणी वाचत नाही. एक, उन्हाळी आवर्तनात बंधाऱ्यातील पातळी एकदम न बदलता काही दिवसांत टप्प्याटप्प्याने बदलावी. दोन, दोन आवर्तनांच्या मधल्या काळात पातळी ठरावीक मर्यादेच्या खाली जाऊ देऊ नये. ती मर्यादा उपसा पंपांच्या आणि उथळ काठांच्या मोजमापावरून ठरवावी. तीन, गाळ काढण्याचे कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी त्याची हद्द वन विभाग आणि काठच्या ग्रामपंचायती यांच्यासह जागेवर आखावी. जलपर्णीचा आणि सांडपाण्याचा विषय वेगळ्या निवेदनात जावा, कारण तो दुसऱ्या टेबलावरचा आहे.

पहिला मसुदा मी रविवारपर्यंत इथेच टाकतो. पातळीच्या आकड्यांसाठी खानगावकरांकडून पंपांच्या तळाची उंची लागेल. त्यांनी आपल्या आणि शेजारच्या दोन-तीन योजनांची मापे कळवली तर बरे होईल.

खानगावकर

उद्या सकाळीच मोजतो.